जाळीवाले सर

मराठवाड्यात तळ्याच्या काठावर सकाळी सातला तीन प्रकारची माणसं भेटतात. पहिल्याच्या हातात टमरेल असतं. त्याच्याकडं बघायचं नसतं. दुसरा म्हशी धुवायला आलेला असतो. त्याला म्हशीखेरीज कुणाकडं बघायचं नसतं. तिसरा गुडघ्यापर्यंत पँट दुमडून, शर्ट मात्र नीट आत खोचून, खिशाला पेन लावून पाण्यात उभा असतो आणि बादलीनं तळ्यातलं पाणी उपसून एका जाळीतून परत तळ्यातच ओतत असतो. हा प्राणिशास्त्राचा प्राध्यापक.

लातूर जिल्ह्यातल्या औशाच्या पंचक्रोशीत या तिसऱ्या प्रकाराला ‘जाळीवाले सर’ म्हणतात. खरं नाव पगारपत्रकात आहे, ते तिथंच राहू द्या. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या चारही जिल्ह्यांत असे सर सापडतील. १९९४ मध्ये विद्यापीठ झालं, पीएच.डी. करणारे वाढले, तलाव मात्र होते तेवढेच राहिले. शेवटी एकेका तलावाच्या वाटण्या झाल्या. उत्तरेच्या काठावर एक संशोधक, दक्षिणेच्या काठावर दुसरा, आणि मधल्या पाण्यावर दोघांचाही दावा.

सर या वाटेला लागले ते गळ्यातल्या माळेमुळं. आमच्या भागातल्या प्राणिशास्त्राची जुनी परंपरा म्हणजे माशांच्या आतड्यातले जंत शोधायचे. गाईड म्हणाले, बाजारातून मासे आणा, पोट फाडा, जंत काढा, नवीन निघाला तर नाव द्या. सरांचं घराणं वारकरी. आईनं बजावलं, “नोकरी गेली तरी चालंल, पण ह्या घरात मासोळी कापायची न्हाई.” मग गाईडनीच तोडगा काढला : प्राणिप्लवक घ्या. पाण्यात तरंगणारे, बहुतेक नुसत्या डोळ्यांना न दिसणारे जीव. कापायचे नाहीत, फाडायचे नाहीत, फक्त ओळखायचे आणि मोजायचे. मोजण्याआधी बाटलीत फॉर्मालिन टाकावं लागतं आणि बाटलीमागं हजारो जीव जागच्या जागी वैकुंठाला जातात, हे सरांना नोंदणीची फी भरल्यावर कळलं. आईला त्यांनी ते अजून सांगितलेलं नाही. एकादशीला मात्र ते नमुना घेत नाहीत.

जाळी हा सरांचा खरा दागिना. कापड बोल्टिंग सिल्कचं. त्याची छिद्रं इतकी बारीक, की डोक्याचा केससुद्धा ओवता येणार नाही. आकार शंकूसारखा, वर मोठं तोंड, खाली टोकाला बाटली. पहिली जाळी सरांनी औशातल्याच टेलरकडून शिवून घेतली. त्यानं वरच्या तोंडाचं माप घेतलं, खालच्या तोंडाचं घेतलं, दोन्ही मापं पुन्हा घेतली आणि हळूच विचारलं, “लेकराचं टोपडं हाय का, सर?”

“टोपडं नाही, जाळी आहे.”

“ह्यात मासे घावतील?”

“मासे नाही. मासे जे खातात ते.”

टेलरनं शिलाईचे पैसे घेतले नाहीत. वेतन आयोग मिळूनही सरांवर ही वेळ यावी, याचं त्याला वाईट वाटलं.

पद्धत अशी : दहा लिटरच्या पाच बादल्या पाणी जाळीतून गाळायचं. पन्नास लिटरमधले जीव पन्नास मिलिलिटरच्या बाटलीत गोळा होतात. त्यातलं एक मिलिलिटर पाणी सेजविक-राफ्टर नावाच्या काचेच्या चौकटीत ओतायचं. पन्नास मिलिमीटर लांब, वीस रुंद, एक खोल. मग सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून एकेकाची हजेरी घ्यायची. सरांची वर्गातली हजेरी दीड मिनिटात होते. ही हजेरी अख्खी दुपार खाते.

काठावर जमलेल्यांना हा माणूस सरकारी वाटतो. “सायब, निराधारचे पैसे कवा येतेत?” “आमच्या पीकविम्याचं काय झालं, तेवढं लिवा की.” सरांनी आधी खूप समजावून पाहिलं. आता ते मुकाट्यानं सगळ्यांची नावं लिहून घेतात. कारण नाही म्हटलं की लोक रागानं म्हशी पाण्यात घालतात, गाळ ढवळतो आणि त्या महिन्याचा आकडा वाया जातो. सरांच्या फील्डबुकात म्हणूनच डाव्या पानावर जीवांची यादी आणि उजव्या पानावर निराधारांची, असा दुहेरी दस्तऐवज आहे.

तळं म्हणजे सरांच्या लेखी एक गाव आणि त्यात चार आळ्या : रोटिफर, क्लॅडोसेरा, कोपेपॉड आणि ऑस्ट्रॅकॉड. एकेका रहिवाशाचं चारित्र्य त्यांना पाठ आहे.

पहिला मान ब्रॅकिओनसचा. रोटिफरांच्या आळीतला हा गृहस्थ तोंडाशी केसांचं चक्र फिरवत पाण्यातला बारीकसारीक माल ओढून घेतो. तळ्यात सांडपाणी, शेण, साबण, खत आलं की शेवाळ आणि जिवाणू वाढतात आणि त्यांच्या पाठोपाठ याचं कुटुंब वाढतं. कुटुंब म्हणजे बहुतेक बायकाच. मादीला पिल्लं घालायला नर लागतोच असं नाही. तो क्वचित अवतरतो, अंगानं मादीहून कितीतरी लहान, खायला-पचवायला धड पोट नाही, आणि काम झालं की आटोपतो. ही माहिती सर दरवर्षी तिसऱ्या वर्षाच्या वर्गात देतात. त्या दिवशी मुली वहीत उतरवून घेतात आणि मुलं खिडकीबाहेर बघतात.

याच ब्रॅकिओनसच्या एका जातीची गोष्ट सांगताना सरांचा आवाज कीर्तनकाराचा होतो. अॅस्प्लँक्ना नावाचा मोठा रोटिफर त्याला गिळतो. पण पाण्यात त्या शत्रूचा नुसता अंश उतरला तरी ब्रॅकिओनसची मादी लांब काटे असलेली पिल्लं घालते. गिल्बर्ट नावाच्या अमेरिकी शास्त्रज्ञानं १९६६ मध्ये हे दाखवून दिलं. “आईला धोक्याचा वास आला की लेकरू हत्यार घेऊनच जन्माला येतं,” एवढं म्हणून सर थांबतात. विठ्ठलाचा गजर करायचा तेवढा बाकी असतो.

ट्रायकोसर्का त्याच आळीतला, पण स्वभावानं उलटा. याच्या जाती कमी खताच्या, निवळ पाण्यात रमतात. चेक शास्त्रज्ञ स्लाडेचेक यांनी १९८३ मध्ये या दोघांचा साधा भागाकार सुचवला : तळ्यात ब्रॅकिओनसच्या जाती किती, भागिले ट्रायकोसर्काच्या किती. उत्तर एकच्या आत आलं तर पाणी निवळ, एक ते दोन म्हणजे मध्यम, दोनच्या वर गेलं की तळं अति खतावलेलं. सर हा भागाकार किराणाच्या बिलामागं, लग्नपत्रिकेवर, परीक्षेच्या सुपरव्हिजनमध्ये कोऱ्या पुरवणीवर, कुठंही करतात. उत्तर बहुधा दोनच्या वरच असतं. एका तलावात खाली शून्य आलं, तेव्हा भागाकारच होईना. सर दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत.

क्लॅडोसेरांच्या आळीत डाफ्निया आणि तिची भावंडं. उड्या मारत पोहणारी, पाणी गाळून खाणारी. ही मंडळी नाजूक. शेतातलं कीटकनाशक पावसाबरोबर वाहून आलं की पहिला बळी यांचा. जगभरच्या प्रयोगशाळांत नव्या रसायनाचं विष जोखायला डाफ्नियाला ४८ तास त्यात ठेवून बघतात, ते यामुळंच. प्राणवायू कमी झाला तर ती अंगात हिमोग्लोबिन वाढवते आणि लालसर दिसायला लागते. “चेहरा बघून ताप ओळखावा इतकं सोपं आहे,” सर म्हणतात. बघायला सूक्ष्मदर्शक लागतो, हे ते विसरतात.

कोपेपॉडांतला सायक्लॉप्स मात्र सगळ्या मराठवाड्याचा जुना शत्रू. कपाळावर एकच डोळा, पाणी कसंही असो, तक्रार नाही. पायऱ्यांच्या विहिरीत माणूस पाय बुडवून पाणी भरायचा, त्याच्या पायातल्या जखमेतून नारूची पिल्लं पाण्यात पडायची, सायक्लॉप्स ती गिळायचा आणि तो सायक्लॉप्स दुसऱ्याच्या तांब्यातून पोटात जायचा. पुढं वर्षभरानं नारू पायातून डोकं काढायचा आणि तो रोज थोडा थोडा काडीवर गुंडाळत बसायचं. भारतातला शेवटचा रुग्ण १९९६ मधला, आणि २००० साली देश नारूमुक्त जाहीर झाला. त्यात मोठा वाटा पाणी फडक्यानं गाळण्याचा. “माझी आजी हंड्यावर दुपदरी धोतर बांधायची,” सर सांगतात. “माझं आणि तिचं काम एकच. तिला पीएच.डी. मिळाली नाही, एवढाच फरक.”

एवढ्यावर सर थांबले असते, तर हे व्यक्तिचित्र लिहायची गरज पडली नसती. पण सरांचा एक नियम आहे : “कोण आहे ते सगळेच बघतात. कोण नाही ते बघा. आणि एकाचीच गर्दी झाली असेल तर समजा, पाणी बिघडलं.” हा नियम त्यांनी तळ्यापुरता ठेवला नाही.

बसस्टँडजवळच्या हॉटेलात आम्ही चुरमुऱ्यांचा सुशीला खायला बसलो होतो. सरांनी टेबलं न्याहाळली आणि म्हणाले, “पूर्वी इथं रिटायर्ड मास्तर बसायचे, हमाल बसायचे, वकील, कोर्टाच्या तारखेला आलेले शेतकरी. आता बघा, सगळे प्लॉटिंगवाले. पाणी बिघडलं.” गल्ल्यावरचे आप्पा ताडकन उठले. “पाणी फिल्टरचं हाय ओ सर! जारचं बिल दाखवू का?” सरांनी समजावायचा प्रयत्न केला. तेव्हापासून आप्पा त्यांच्यापुढं पाण्याचा ग्लास ठेवत नाहीत, सीलबंद बाटली ठेवतात आणि बिलात लावतात.

शॅनन निर्देशांकाचंही तसंच. टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेतल्या क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये संदेशवहनासाठी एक सूत्र मांडलं, ते पुढं जीवशास्त्रज्ञांनी उचललं. तळ्यात किती जाती आहेत आणि त्यांची वाटणी किती समान आहे, हे एका आकड्यात कळतं. विल्म आणि डॉरिस यांनी १९६८ मध्ये रेघा आखून दिल्या : तीनच्या वर स्वच्छ, एक ते तीन मध्यम, एकच्या खाली भयंकर प्रदूषित. एका मोठ्या गुत्तेदाराच्या मुलीच्या लग्नात पंगतीला सहाशे पानं पडली. सरांनी वरण-भात थंड होऊ देऊन हिशेब मांडला. पाचशे गुत्तेदार, ऐंशी गुत्तेदारांचे नातेवाईक आणि वीस गुत्तेदार होऊ इच्छिणारे. निर्देशांक ०.७७. “भयंकर प्रदूषित,” सर मला म्हणाले, पण जरा मोठ्यानं. शेजारच्या पानावरचा माणूस वाढप्याला म्हणाला, “त्यांच्या पानात काय पडलं बघ रे.”

घरी वहिनींनी याच शास्त्राला कुंपण घातलं आहे. फ्रिजमधला खालचा कप्पा सरांचा, त्यावर लाल पेनानं ‘पिऊ नये’ असं लिहिलेलं. चहाची गाळणी, दुधाचं पातेलं आणि पाहुण्यांचे पेले यांना हात लावायचा नाही. येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, सगळं औसा शेतात जातं. भज्जी, भाकरी, बिंदगाभर आंबील. सर आंबील पितात, पण नजर शेततळ्याकडं. मग जेवण अर्ध्यावर टाकून जाळी काढतात. “पांडवांची पूजा तरी होऊ द्या,” वहिनी म्हणतात. सर पूजेला बसतात, डोळे मिटतात आणि मनातल्या मनात बादल्या मोजतात.

२०१६ च्या उन्हाळ्यात सरांचे सगळे तलाव आटले. मांजरा धरण कोरडं पडलं आणि एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली. लोक हार घेऊन स्टेशनवर गेले, सर रिकामी बाटली घेऊन. कृष्णाकाठचे प्लवक रेल्वेनं मराठवाड्यात येण्याची ही पहिलीच वेळ, तेव्हा एक नमुना हवाच, असं त्यांचं म्हणणं. बंदोबस्तावरच्या पोलिसानं विचारलं, “एका बाटलीनं काय होतंय, सर? हंडा तरी आणायचा.” नमुना मिळाला नाही.

मग त्यांनी आटलेल्या तळ्याच्या भेगाळलेल्या पोटातून मूठभर माती आणली, काचेच्या बरणीत घातली, वर पाणी ओतलं. स्टाफरूममध्ये सगळे हसले. आठवडाभरानं बरणीत ठिपके उड्या मारायला लागले. क्लॅडोसेरांच्या माद्या वाईट दिवस आले की जाड कवचाची अंडी गाळात ठेवून जातात आणि ती अंडी वर्षानुवर्षं पाण्याची वाट बघू शकतात. सर ती बरणी घेऊन वर्गावर्गात फिरले. “तळं मेलं नाही, रजेवर आहे,” असं म्हणत. रशियन शास्त्रज्ञांनी सैबेरियाच्या गोठलेल्या जमिनीतून चोवीस हजार वर्षांपूर्वीचा रोटिफर जिवंत केल्याची बातमी २०२१ मध्ये आली, तेव्हा सरांनी स्टाफरूममध्ये पेढे वाटले. कुणाला वाटलं प्रमोशन झालं, कुणाला वाटलं मुलगी पास झाली.

त्यांची खरी परीक्षा झाली ती एका नगरपालिकेच्या बैठकीत. टेबलावर पाण्याचा रासायनिक अहवाल होता : सामू ठीक, क्षार ठीक, सगळं मर्यादेत. सर म्हणाले, तलावात ब्रॅकिओनस माजलाय, ट्रायकोसर्का गेलाय, डाफ्निया दिसत नाही. नाल्याचं पाणी येतंय.

“पण अहवालात तर सगळं बरोबर आहे की.”

“अहवाल बाटली भरली त्या क्षणाचा. नाला रात्री सोडला आणि बाटली दुपारी भरली, तर बाटलीला काय कळणार? हे जीव तिथं मुक्कामाला आहेत. त्यांनी रात्रही बघितलीय.”

“म्हणजे पाणी प्यायचं की नाही? एका शब्दात सांगा, सर.”

इथं दुसरा कुणी छाती काढून बोलला असता. सर प्रामाणिक निघाले. म्हणाले, पिण्यासाठी जिवाणूंची तपासणी वेगळी करावी लागते, ते माझे जीव सांगत नाहीत. ते तळ्याची तब्येत सांगतात. तेही एका नमुन्यावर नाही. उन्हाळ्यात पाणी आटलं की त्यांची दाटी होते, पावसाळ्यात पाणी वाढलं की विरळ होतात. मत्स्यबीज सोडलं की डाफ्निया माशांच्या पोटात जाते, तेव्हा तिचा मृत्यू नाल्यावर ढकलता येत नाही. म्हणून दर महिन्याला बघायचं आणि निदान दोन वर्षं बघायचं. युरोपात कोल्कविट्झ आणि मार्सन यांनी पाण्यातल्या प्राण्यांवरून नदीची घाण ओळखायची पद्धत १९०९ मध्येच... पण तोवर चहा आला होता, आणि ठराव झाला होता तो तलावाकाठी बाकडी बसवण्याचा. बाकड्यांचं काम गुत्तेदाराला गेलं.

मग सरांचे निष्कर्ष गेले कुठं? संशोधन-पत्रिकांत. वेतनवाढीला गुण लागतात, गुणांना शोधनिबंध लागतात, शोधनिबंधांना ‘आंतरराष्ट्रीय’ नाव असलेली आणि नेटकॅफेतून निघणारी पत्रिका पुरते. निबंधाचं शेवटचं वाक्य कायम तेच असतं : सदर तलाव पोषकद्रव्यांनी खतावत चालला असून तातडीनं उपाय करणं गरजेचं आहे. हे वाक्य इंग्रजीत छापून येतं, चर्चासत्रात वाचलं जातं, त्यावर शाल-श्रीफळ मिळतं. ज्या नगरपालिकेच्या हद्दीत तो तलाव आहे, तिथं ते पोचत नाही. यात दोष एकट्या पालिकेचा नाही. सरांनीही मराठीत एक पानाचा कागद लिहून आवक-जावक विभागात कधी दिला नाही, कारण त्याला गुण नाहीत.

सर पुढच्या वर्षी निवृत्त होतात. त्यांच्या जागी तासिका तत्त्वावर कुणीतरी येईल. त्याला तासाचे पैसे मिळतील, तळ्यावर जायचे नाहीत. ब्रॅकिओनस आणि ट्रायकोसर्का यांना चेहऱ्यावरून ओळखायला काही वर्षं डोळा घासावा लागतो, आणि तो डोळा पेन्शनवर गेला की भाड्यानं मिळत नाही. तेव्हा ज्या गावात तळं आहे आणि कॉलेजही आहे, त्या गावच्या पालिकेनं एवढं करावं : महिन्याला एक बाटली कॉलेजात पाठवावी, कॉलेजनं महिन्याला एक पान मराठीत पालिकेला पाठवावं आणि ते पान नोटीसबोर्डावर लावावं. खर्च जाळीचा, फॉर्मालिनचा आणि सरांच्या चहाचा. बाकड्यांपेक्षा कमीच येईल.